उन्हाळ्यातील हवा आणि दोन वेगळ्या फायली : महानगरपालिकांच्या आयुक्तांना व आरोग्य अधिकाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
राज्यातील सर्व महानगरपालिकांचे माननीय आयुक्त आणि आरोग्य अधिकारी

सविनय नमस्कार.

मी गेली सव्वीस वर्षे पुण्याच्या पूर्व भागात फॅमिली डॉक्टर म्हणून काम करते. दवाखाना दोन खोल्यांचा आहे. माझ्याकडे येणारे बहुतेक लोक एकतर दिवसभर उन्हात राबणारे आहेत, नाहीतर पत्र्याच्या छपराखाली राहणारे. ‘होळी जळाली, थंडी पळाली’ असे आपण म्हणतो, त्या दिवसांपासून माझ्या दवाखान्यातील गर्दीचे स्वरूप पालटू लागते, आणि साधारण त्याच सुमारास आपल्या कार्यालयांतही उन्हाळ्याच्या तयारीच्या बैठका सुरू होतात. त्या बैठकांत एक विषय निघावा, म्हणून हा पत्रप्रपंच.

गेल्या मे महिन्यातील एक दुपार सांगते. पाच वाजायला आले होते. रस्त्याच्या डांबरीकरणाच्या कामावरील एका बाईंना त्यांच्या सोबतच्या दोघींनी धरून आणले. पायांना गोणपाट गुंडाळलेले, डोक्यावरून ओला पंचा, आणि लुगड्याला डांबराचा इतका उग्र वास की माझी तपासणीची खोली त्याने भरून गेली. ‘ऊन लागलंय, कांद्याचा रस चोळला’, असे सोबतच्या बायका सांगत होत्या. मी ताप पाहिला, तर तो जेमतेम शंभरापर्यंत होता. नाडी मात्र धावत होती, वाक्य पुरे करता येऊ नये इतकी धाप होती आणि छातीला नळी लावली तर दोन्ही बाजूंनी शिट्टीसारखा आवाज येत होता. दहा मिनिटे नेब्युलायझर दिल्यावर त्यांना बोलता आले, आणि त्यांनी पहिली गोष्ट विचारली ती ही : ‘बाई, मी सकाळपासून पाणी पीत होते, डोकं बांधलेलं होतं, मग दम कशानं लागला?’

त्यांनी सांगितले ते खरे होते. उष्णतेच्या दिवसांत आपल्याकडून लोकांच्या फोनवर जे संदेश येतात, त्यांत जेवढे सांगितलेले असते तेवढे सगळे त्यांनी केले होते. पाणी प्या, डोके झाका, ताक-पन्हे घ्या, दुपारी शक्यतो बाहेर पडू नका, हा सल्ला योग्यच आहे आणि त्याने जीव वाचतात. मी स्वतः तो रोज देते. परंतु त्या दुपारी त्या बाई जो श्वास घेत होत्या, त्याविषयी त्या सल्ल्यात एक अक्षरही नव्हते. उन्हाचा संदेश एका विभागाकडून निघतो आणि हवेचा आकडा दुसऱ्या विभागाकडे पडून राहतो. माणसाच्या छातीत मात्र या दोन्ही गोष्टी एकाच वेळी शिरतात.

हवेचे प्रदूषण म्हटले की आपल्या सर्वांच्या डोळ्यांसमोर हिवाळा येतो, आणि तसे होण्याला कारण आहे. थंडीत हवेचा गार थर जमिनीलगत अडकून राहतो, धूर वर जात नाही, आणि सूक्ष्म धूलिकणांचे आकडे चढतात. उन्हाळ्यात तापलेली हवा वर उठते, वारा सुटतो, धूलिकण विरळ होतात, आकाश निळे दिसते. त्यामुळे मार्चनंतर हवेचा विषय मागे पडतो आणि पाण्याचा, टँकरचा, नालेसफाईचा विषय पुढे येतो. पण त्याच निळ्या आकाशाखाली दुसरा एक वायू तयार होत असतो, आणि तो डोळ्यांना दिसत नाही. तो म्हणजे जमिनीलगतचा ओझोन.

ओझोन कोणत्याही धुरांड्यातून बाहेर पडत नाही. वाहनांच्या व जनित्रांच्या धुरातून येणारी नायट्रोजनची ऑक्साइडे, आणि पेट्रोल, रंग, थिनर, डांबर, जळता कचरा यांतून उडणारी बाष्पशील सेंद्रिय संयुगे, ही दोन्ही हवेत एकत्र आली आणि त्यांवर कडक ऊन पडले की त्यांच्यापासून ओझोन शिजतो. ‘शिजतो’ हा शब्द मी मुद्दाम वापरते आहे, कारण आच वाढली की ही क्रिया वेग घेते. पारा चढतो तसे पेट्रोल अधिक उडते, रंग अधिक उडतो, आणि काही झाडांच्या पानांतूनही, विशेषतः निलगिरीसारख्या झाडांतून, अशी संयुगे अधिक बाहेर पडतात. म्हणून ओझोनची पातळी सकाळी कमी असते, दुपारी बारानंतर चढत जाते आणि ऊन उतरेपर्यंत वरच राहते. आकाशात वीस-पंचवीस किलोमीटर उंचीवर असलेला हाच वायू आपले अतिनील किरणांपासून रक्षण करतो. तो नाकाशी आला की मात्र श्वासनलिकेचे अस्तर आतून भाजल्यासारखे सुजवतो.

आता उन्हात राबणाऱ्या शरीराचा विचार करावा. अंग थंड ठेवण्यासाठी शरीर जास्तीत जास्त रक्त त्वचेकडे पाठवते, त्यासाठी हृदयाला अधिक ठोके द्यावे लागतात, घामावाटे पाणी आणि क्षार निघून जातात आणि रक्त दाटू लागते. श्वास जलद होतो, कष्टाचे काम असेल तर माणूस तोंडाने श्वास घेऊ लागतो, आणि नाकाची जी चाळणी आपल्याला निसर्गाने दिली आहे ती वाटेतून बाजूला होते. म्हणजे हवा सर्वांत वाईट असते त्याच तासांत ती सर्वांत जास्त आत ओढली जाते. २.५ मायक्रॉनपेक्षा लहान धूलिकण फुप्फुसाच्या अगदी टोकापर्यंत पोहोचतात, रक्तवाहिन्यांना सूज आणतात, रक्ताची गुठळी होण्याची शक्यता वाढवतात. आणि हे सगळे आधीच दाटलेल्या रक्तात आणि आधीच धावणाऱ्या हृदयात घडते. रक्तदाबासाठी लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणारे वृद्ध, गर्भवती, तान्ही मुले, दम्याचे रुग्ण यांच्याजवळ हा दुहेरी भार सोसण्याइतकी शिल्लक नसते.

हा भार नुसत्या बेरजेचा नाही, हे मी विशेष लक्षात आणून देऊ इच्छिते. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात २०१४ ते २०१९ या काळातील मृत्यूंचा अभ्यास झाला. नुसत्या तीव्र उष्णतेच्या दिवशी मृत्यूचा धोका सुमारे ६ टक्क्यांनी आणि नुसत्या सूक्ष्म धूलिकणांच्या दिवशी सुमारे ५ टक्क्यांनी वाढलेला आढळला. परंतु दोन्ही एकाच दिवशी आले तेव्हा ती वाढ २१ टक्के होती. इंग्लंड आणि वेल्समध्ये ऑगस्ट २००३ च्या उष्णतेच्या लाटेत पहिल्या पंधरवड्यात जे अतिरिक्त मृत्यू झाले, त्यांतील २१ ते ३८ टक्के मृत्यूंचा संबंध ओझोन आणि धूलिकणांच्या वाढलेल्या पातळीशी असल्याचा अंदाज नंतर मांडला गेला. ‘उन्हाने गेले’ असे ज्यांच्याविषयी सगळे म्हणत होते, त्यांतील कितीतरी जण ऊन आणि हवा या दोहोंनी मिळून गेले होते.

ती परदेशातील शहरे, आपले वेगळे, असे म्हणून हे बाजूला ठेवता येणार नाही. २००८ ते २०१९ या काळातील भारतातील दहा शहरांचा एक अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात मुंबई आणि पुणे दोन्ही होती. सूक्ष्म धूलिकणांची जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेपेक्षा अधिक असलेली पातळी मुंबईत दरवर्षी सुमारे ५,१०० आणि पुण्यात सुमारे १,४०० मृत्यूंशी निगडित असल्याचे त्यात म्हटले आहे. उष्णतेमुळे होणारे मृत्यू त्यात मोजलेले नव्हते.

आपल्या प्रशासनात या विषयाच्या दोन फायली कशा झाल्या, ते मला समजू शकते. अहमदाबादेत मे २०१० मध्ये भयंकर उष्णता पडली, त्यानंतर २०१३ मध्ये तेथील महानगरपालिकेने देशातील पहिला उष्णता कृती आराखडा केला आणि त्याच धर्तीवर नागपूरसह आपल्या शहरांचे आराखडे झाले. दुसरीकडे जानेवारी २०१९ मध्ये राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रम आला आणि राज्यातील एकोणीस शहरे त्याखाली आली. पहिल्याचे मोजमाप तापमानाने होते आणि दुसऱ्याचे प्रामुख्याने धुळीने. सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायरन्मेंट या संस्थेने २०२४ मध्ये देशातील खर्चाचा जो आढावा घेतला, त्यात या कार्यक्रमाचा ६४ टक्के पैसा रस्त्यावरील धूळ कमी करण्यावर गेल्याचे दिसले. धूळ कमी व्हायलाच हवी. पण रस्ते झाडणारी यंत्रे आणि पाण्याचे फवारे यांनी ओझोनचा एक कणही कमी होत नाही, आणि कार्यक्रमाचे यशापयश ओझोनवर ठरत नसल्यामुळे त्याच्याकडे पाहण्याचे कोणाला कारणही उरत नाही.

लोकांना जो हवा गुणवत्ता निर्देशांक दिसतो, त्याचीही अडचण आहे. आठ प्रदूषकांपैकी ज्याचा उपनिर्देशांक, म्हणजे त्या एकट्या प्रदूषकाचा आकडा, सर्वांत वाईट, तोच त्या जागेचा निर्देशांक म्हणून जाहीर होतो. धूलिकण आणि ओझोन दोन्ही चढलेले असतील तर त्यांचा एकत्रित भार त्या एका आकड्यात उतरत नाही, आणि त्या दिवशी पारा बेचाळीस होता की बावीस, हे तर त्यातून मुळीच कळत नाही. शिवाय ओझोनचे वागणे विचित्र आहे. गजबजलेल्या रस्त्यावर ताज्या धुरातील नायट्रिक ऑक्साइड त्याला खाऊन टाकते, म्हणून चौकातील यंत्र ओझोन कमी दाखवते. वाऱ्याच्या दिशेने पुढे, शहराच्या कडेच्या वस्त्यांत तो वाढतो. ज्या उपनगरांत मजुरांच्या वस्त्या आणि बांधकामे आहेत, ती बहुधा याच कडेला असतात. २००९ च्या राष्ट्रीय मानकांनुसार ओझोनची आठ तासांची मर्यादा १०० आणि एका तासाची १८० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर आहे. मानक आहे, यंत्रे आहेत, पुण्यात भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या ‘सफर’ प्रकल्पामुळे २०१३ पासून आणि मुंबईत २०१५ पासून पूर्वानुमानाची सोयही उभी राहिली. हे ज्ञान आपल्या दाराशी आहे; ते उष्णतेच्या इशाऱ्यात उतरवणे एवढेच बाकी आहे.

म्हणून माझी पहिली विनंती अशी की उष्णतेचा इशारा आणि हवेचा इशारा एकाच संदेशात, तासांसह, साध्या मराठीत जावा. ‘आज दुपारी बारा ते पाच ऊन आणि हवा दोन्ही त्रासदायक आहेत, दम्याच्या रुग्णांनी पंप जवळ ठेवावा, मैदानावरचे खेळ आणि कष्टाची कामे सकाळी करावीत’ एवढी तीन वाक्ये पुरतील.

दुसरी विनंती आपल्या स्वतःच्या कामांविषयी आहे, आणि ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. आपल्याकडे पावसाळ्यापूर्वीची कामे एप्रिल-मे महिन्यांत होतात. डांबरीकरण, पॅचवर्क, दुभाजकांची रंगरंगोटी, नालेसफाई, खोदलेले रस्ते बुजवणे हे सगळे वर्षातील सर्वांत तापलेल्या सहा-सात आठवड्यांत उरकले जाते, आणि मुदत जवळ आली की ते भर दुपारीही चालू राहते. २०२० मध्ये अमेरिकेतील येल विद्यापीठातील संशोधकांनी दाखवून दिले की डांबराचे तापमान ४० वरून ६० अंशांवर गेले की त्यातून उडणाऱ्या संयुगांचे प्रमाण दुप्पट होते, आणि त्यावर ऊन पडले तर ते आणखी कितीतरी वाढते. आपल्या मे महिन्यातील डांबरी रस्ता साठ अंशांपर्यंत तापणे ही काही अपवादाची गोष्ट नव्हे. म्हणजे ओझोनचा कच्चा माल आपण स्वतः, सर्वांत कडक उन्हात, सर्वांत जास्त तासांसाठी हवेत सोडतो, आणि तो सोडणारी माणसे भट्टीशेजारी उभी राहून तोच श्वास घेतात. डांबरीकरण आणि रंगकाम मे महिन्यात रात्री किंवा पहाटेच व्हावे, आणि उष्णतेच्या इशाऱ्याच्या दिवशी दुपारचे काम थांबवल्याबद्दल ठेकेदाराला दंड नव्हे तर मुदतवाढ मिळावी, अशी अट निविदेतच लिहिता येईल. शक्य ती कामे जानेवारी-फेब्रुवारीत घेतली तर आणखी बरे. मजुराचा त्या दुपारचा रोज मात्र बुडू नये. तो बुडणार असेल तर कोणीही सावलीत बसणार नाही.

याच इशाऱ्याच्या दिवसांत अवजड वाहनांना दुपारी शहराबाहेर थोपवणे, डिझेल जनित्रांच्या वापराला आळा घालणे आणि पेट्रोल पंपांवरील बाष्प परत खेचणारी यंत्रणा खरोखर चालू आहे ना हे पाहणे, हीही कामे संबंधित खात्यांच्या मदतीने होऊ शकतात. विजेचेही तसेच आहे. ३० मे २०२४ रोजी देशातील विजेची मागणी २५० गिगावॉटपर्यंत पोहोचली, हा तोवरचा उच्चांक होता. शहरांत वातानुकूलन यंत्रे चालतात तेव्हा चंद्रपूरच्या २,९२० मेगावॉटच्या औष्णिक केंद्रात कोळसा जळतो, आणि मे महिन्यात चंद्रपूरकर स्वतः पंचेचाळीस अंशांच्या वर होरपळत असतात. ज्यांच्या अंगावर ऊनही जास्त आणि धूरही जास्त, त्या शहराला इतरांसारखाच सर्वसाधारण आराखडा पुरणार नाही.

कचऱ्याविषयी थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे. तापलेल्या कचरा डेपोत कुजण्यातून मिथेन निघतो आणि एक ठिणगीही पुरते. जानेवारी २०१६ मध्ये मुंबईत देवनारला लागलेल्या आगीचा धूर उपग्रहाच्या छायाचित्रांत दिसला, आणि मार्चमध्ये तेथे पुन्हा आग लागली. कोचीजवळच्या ब्रह्मपुरम येथे मार्च २०२३ मध्ये सुमारे दोन आठवडे धूर निघत होता. पण मला त्याहून रोजची वाटणारी गोष्ट म्हणजे मोकळ्या प्लॉटवर रात्री पेटवलेला पालापाचोळा आणि प्लास्टिक. माझा एक रुग्ण, सत्तरी ओलांडलेले रिक्षाचालक, पत्र्याच्या खोलीत राहतात. मी त्यांच्या घरी गेले तेव्हा रात्रीचे साडेनऊ झाले होते, आणि पत्र्याखाली हात वर केला तर अजून झळ लागत होती. मी त्यांना उन्हाळ्याच्या सल्ल्याप्रमाणे म्हटले, ‘आजोबा, रात्री खिडकी उघडी ठेवत जा.’ ते म्हणाले, ‘उघडली की धूर येतो, लावली की जीव कासावीस होतो. डॉक्टर, तुम्हीच सांगा, कुठलं करू?’ मला उत्तर देता आले नाही. एप्रिल-मेमध्ये वस्त्यांजवळ संध्याकाळी सात ते अकरा गस्त असावी, पाचोळा उचलण्याची स्वतंत्र फेरी असावी, आणि पत्र्यांना पांढरा परावर्तक लेप देण्याचे काम अशा खोल्यांपासून सुरू व्हावे. त्या आजोबांना खिडकी उघडता येईल, तेव्हा आपला उष्णता आराखडा त्यांच्या घरात पोहोचला असे मी म्हणेन.

तिसरी विनंती नोंदींची. डांबराच्या कामावरील त्या बाईंच्या केसपेपरवर मी ‘दम्याचा झटका’ असे लिहिले, आणि वैद्यकीय दृष्ट्या ते बरोबरच होते. पण त्यामुळे त्या उष्माघाताच्या कोणत्याही यादीत आल्या नाहीत. अंगाचा ताप १०४ च्या पुढे गेला आणि शुद्ध हरपली तरच उष्माघात. बाकी सगळे हृदयविकार, दमा, मूत्रपिंड निकामी होणे, पक्षाघात या नावांनी नोंदले जाते. म्हणूनच दर उन्हाळ्यात राज्यातील उष्णतेच्या बळींचा आकडा लहान दिसतो आणि सगळ्यांना बरे वाटते. अहमदाबादेत मे २०१० मध्ये १,३४४ अतिरिक्त मृत्यू झाल्याचे नंतरच्या अभ्यासात कळले, ते उष्माघाताच्या यादीवरून नव्हे, तर शहरातील सर्व मृत्यूंची आदल्या आणि पुढच्या वर्षाच्या मे महिन्याशी तुलना केल्यामुळे. जन्म-मृत्यू नोंदणीचे काम आपल्याच कार्यालयात होते. गेल्या दहा वर्षांचे मार्च ते जून या महिन्यांतील दररोजचे मृत्यू, त्या दिवसाचे कमाल व किमान तापमान, आणि त्या दिवसाचे ओझोन व धूलिकण, असे एका तक्त्यात मांडले तर आपल्या शहरात कोणत्या पाऱ्यापासून आणि कोणत्या हवेपासून माणसे दगावू लागतात, हे आपल्याच आकड्यांतून कळेल. इशाऱ्याची पातळी मग दुसऱ्या शहराकडून उसनी घ्यावी लागणार नाही. यासाठी नवे यंत्र लागत नाही. एक वैद्यकीय अधिकारी, एक संख्याशास्त्र जाणणारी व्यक्ती आणि चार महिने लागतील. वैद्यकीय महाविद्यालयांतील सामाजिक आरोग्य विभाग हे काम आनंदाने करतील, असा मला विश्वास आहे.

महानगरपालिकांच्या दवाखान्यांबाबत एवढेच सांगते की उन्हाळ्यात क्षार-साखरेच्या पाकिटांबरोबर नेब्युलायझर आणि श्वासाचा जोर मोजणारा साधा मीटरही प्रत्येक ठिकाणी असावा, आणि दवाखान्याची एक वेळ संध्याकाळची असावी. धाप लागलेला माणूस दुपारी चारनंतर येतो, आणि मजूर तर काम सुटल्याशिवाय येतच नाही.

माझ्या दवाखान्यातील गेल्या दहा उन्हाळ्यांचे केसपेपर मी जपून ठेवले आहेत. रुग्णांची नावे व पत्ते काढून, तारीख, वय, कामाचा प्रकार, तक्रार आणि दवाखान्यात येण्याची वेळ एवढ्या नोंदी ज्या आरोग्य विभागाला हव्या असतील, त्याला त्या देण्याची माझी तयारी आहे. माझ्या ओळखीचे आणखी काही डॉक्टरही यासाठी तयार आहेत. पुढच्या डांबरीकरणाच्या निविदा निघण्यापूर्वी या विषयावर एक बैठक व्हावी, अशी विनंती आहे. आपण बोलवाल त्या दिवशी मी येईन. फक्त वेळ सायंकाळी चार ते आठची नसावी, कारण ती माझ्या रुग्णांची वेळ आहे.

आपली नम्र,
पुण्यातील एक फॅमिली डॉक्टर